भिंत नसलेला तुरुंग आणि दयेची किंमत

सांगली जिल्ह्यात, आटपाडीजवळ, स्वतंत्रपूर नावाची एक वसाहत आहे. माणदेशाचा हा मुलूख पावसाला कायमचा पारखा. इथे राहणाऱ्या माणसांना न्यायालयाने खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा ठोठावलेली असते. कागदोपत्री ते सिद्धदोष बंदी. पण त्यांच्याभोवती तुरुंगाची उंच भिंत नाही. ते शेत कसतात, बायकामुलांसोबत राहतात. पळून जायचं म्हटलं तर माळरान मोकळं आहे, तरी ते थांबतात. का थांबतात, या प्रश्नाचं उत्तर शोधायला निघालं की माणूस तुरुंगाच्या नियमावलीपाशी थांबू शकत नाही. त्याला धर्माच्या, निदान श्रद्धेच्या दारात जावंच लागतं.

स्वतंत्रपूरची सुरुवात १९३९ची. तेव्हा हा भाग औंध संस्थानात होता. संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्काराचे निष्ठावंत प्रचारक, चित्रकार, यमाई देवीचे भक्त आणि स्वतः कीर्तन करणारे. त्यांच्याकडे मॉरिस फ्रिडमन नावाचा एक विलक्षण माणूस आला होता. वॉर्सात जन्मलेला ज्यू इंजिनिअर, म्हैसूर सरकारच्या कारखान्यात काम करण्यासाठी भारतात आलेला. इथे येऊन त्याने भगवी वस्त्रं घेतली, भारतानंद हे नाव घेतलं आणि गांधीजींच्या चरख्यात सुधारणा करण्यापासून रमण महर्षींच्या सहवासापर्यंत सगळीकडे तो सत्य शोधत राहिला. पुढे मुंबईत खेतवाडीतल्या निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणं इंग्रजीत नेऊन जगापुढे ठेवणारा तो हाच. एका पंथाच्या चौकटीत न मावणारी श्रद्धा होती त्याची. गुन्हेगार ठरलेल्या माणसांना बेड्यांशिवाय, पहाऱ्याशिवाय, शेतावर ठेवून पाहू, ही कल्पना त्याने राजापुढे मांडली आणि राजाने ती मान्य केली.

याच वर्षी, २१ जानेवारी १९३९ रोजी, औंधच्या राजाने आपली सत्ता प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना जाहीर केली होती. तिच्या घडणीत गांधीजींचा सल्ला होता, फ्रिडमनचा हात होता, राजपुत्र आप्पासाहेब पंतांचे कष्ट होते. या दोन घटना शेजारी ठेवून पाहिल्या पाहिजेत. ज्याने आधी स्वतःच्या हातातली दोरी सैल केली, त्यालाच कैद्याच्या पायातली बेडी काढावीशी वाटली. सिंहासनाला घट्ट धरून बसलेला राजाही दया करतो. पण ती वरून फेकलेली असते, उद्या मागेही घेता येते. औंधात घडलं ते निराळं होतं. प्रजेवर जो विश्वास टाकला तोच कैद्यावर टाकला.

आटपाडी तालुक्यातलंच माडगुळे गाव हे ग. दि. माडगूळकरांचं. या प्रयोगावरून त्यांनी कथा लिहिली आणि १९५७ मध्ये व्ही. शांताराम यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. सहा खुनी, एक जेलर, एक उजाड माळ. भरत व्यासांनी लिहिलेली आणि वसंत देसाईंनी स्वरबद्ध केलेली त्यातली प्रार्थना देशभरच्या शाळांत पोचली. चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात गौरव झाला. प्रार्थना म्हणणाऱ्या लाखो मुलांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की तिच्या मागे खरे कैदी, खरी जमीन आणि एक खरा राजा आहे. आणि तो प्रयोग चित्रपटाबरोबर संपला नाही, हे तर त्याहून कमी जणांना. संस्थान विलीन झालं, मुंबई राज्य आलं, महाराष्ट्र झाला, स्वतंत्रपूर आहे.

मराठी मनाला हा विचार परका वाटला नाही, याला कारण आहे. पसायदान मागताना ज्ञानेश्वरांनी दुष्टांचा नाश मागितला नाही. त्यांच्यातला वाकडेपणा जावा, चांगल्या कर्माची गोडी त्यांना लागावी, असं मागितलं. सातशे वर्षं हे मागणं घरोघर, शाळाशाळांत म्हटलं जातं. गुन्हा वेगळा आणि गुन्हेगार वेगळा, पहिला संपवायचा आणि दुसरा वाचवायचा, हे आधुनिक दंडशास्त्राचं सूत्र त्या मागण्यात सामावलेलं आहे. वाल्या कोळ्याची गोष्ट तर आजीच्या मांडीवरच ऐकलेली. पण ती ऐकताना एक बाब सहज निसटते. वाल्याचा वाल्मीकी नामाने झाला हे आपण लक्षात ठेवतो; त्याआधी त्याला घरी परत पाठवलं गेलं, माझ्या पापात वाटेकरी कोण होणार हे विचारायला लावलं गेलं, आणि त्यानंतर अंगावर वारूळ चढेपर्यंत तो बसून राहिला, हे विसरतो. गोष्टीत क्षमा आहे, पण ती स्वस्त नाही.

हीच बाब बौद्ध परंपरेत अधिक कठोरपणे येते. अंगुलिमाल माणसं मारून त्यांच्या बोटांची माळ गळ्यात घालणारा. बुद्ध त्याच्या वाटेने एकटे जातात, तो शस्त्र टाकतो, भिक्षू होतो. कोसलचा राजा प्रसेनजित त्याला पकडायला घोडदळ घेऊन निघालेला असतो. वाटेत तो बुद्धांना भेटतो आणि बुद्ध त्याला शेजारीच बसलेला अंगुलिमाल दाखवतात. राजा घाबरतो, मग नमस्कार करतो. जे दंडाने आणि शस्त्राने जमलं नाही ते इथे झालं, अशी कबुली देतो. बहुतेक जण गोष्ट इथे संपवतात. ही कथा सांगणारं सुत्त मात्र पुढे जातं. भिक्षू झालेला अंगुलिमाल श्रावस्तीत भिक्षा मागायला जातो तेव्हा लोक त्याला ढेकळं आणि काठ्या मारतात. डोकं फुटलेलं, भिक्षापात्र भंगलेलं, चीवर फाटलेलं, अशा अवस्थेत तो परततो. बुद्ध त्या लोकांना दोष देत नाहीत. सोस, हे तुझ्याच कर्माचं फळ आहे, एवढंच त्याला सांगतात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पतित आणि गुन्हेगार यांच्या धम्मदीक्षेसाठी स्वतंत्र भाग ठेवला आणि त्यात अंगुलिमालाची कथा घेतली. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांना समाजाने जन्मतःच अपराधी मानलं, त्यांच्यासाठी लिहिलेल्या धर्मग्रंथात खऱ्या अपराध्यालाही जागा आहे. राजाने अंगुलिमालाला सोडलं, बुद्धाने त्याला जवळ केलं, पण ज्यांची माणसं मेली त्यांचा राग कुणी खोटा ठरवला नाही. आजची चर्चा नेमकी इथेच पंगू होते. कैद्याच्या सुधारणेचं बोलणारा पीडिताला विसरतो, आणि पीडिताच्या बाजूने बोलणाऱ्याला फाशीच्या पलीकडचं काही ऐकूच येत नाही.

धर्माच्या नावाने सगळं चांगलंच झालं, असं मात्र कुणी मानू नये. मनुस्मृतीचा दंड जात पाहून बदलतो. ब्राह्मणाला देहान्त शासन नाही आणि शूद्राला त्याच अपराधासाठी अमानुष शिक्षा. ही दयाच होती, फक्त एका वर्णापुरती. आणि हे प्रकरण इतिहासात गाडलं गेलं असंही नाही. मुंबईतल्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी निकाल दिला, तेव्हा कुठे कारागृहांच्या नियमावलीतली जातवार कामं घटनाबाह्य ठरली. तोवर अनेक राज्यांच्या नियमांत स्वयंपाक उच्च मानलेल्या जातींना आणि सफाई खालच्या मानलेल्यांना असा हिशेब छापील स्वरूपात होता. त्याच नियमांत भटक्या-विमुक्त जमातींची माणसं ‘सराईत’ समजावीत असंही लिहिलेलं होतं.

या ‘सराईत’ शब्दाच्या मागे १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा उभा आहे. पारधी, कैकाडी, मांगगारुडी, भामटा अशा कितीतरी जमाती या कायद्याच्या जाळ्यात सापडल्या. मूल जन्माला आलं की गुन्हेगार. त्यांना ‘सुधारण्यासाठी’ देशात ठिकठिकाणी सेटलमेंट उभारल्या गेल्या. काही ठिकाणी त्या चालवायला ख्रिस्ती धर्मसंस्था पुढे आल्या, त्यांत मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) आघाडीवर. तिचे भारतातले प्रमुख फ्रेडरिक बूथ-टकर यांची तळमळ खोटी नव्हती. उद्योग शिकवला, शाळा काढल्या, प्रार्थना शिकवली. पण भोवती कुंपण होतं, हजेरी होती, परवानगीशिवाय बाहेर पाऊल टाकता येत नव्हतं, आणि आत असलेल्यांपैकी कित्येकांनी कसलाच गुन्हा केलेला नव्हता. सोलापूरच्या सेटलमेंटची आठवण तिथल्या वस्त्यांमध्ये अजून जिवंत आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. विमुक्त दिन म्हणून तो दिवस पाळतात.

स्वतंत्रपूर आणि सेटलमेंट, दोन्हीकडे सुधारणेचीच भाषा होती आणि दोन्हीकडे देवाचं नाव घेणारी माणसं होती. फरक एवढाच की एकीकडे खून केलेल्यावर विश्वास टाकला आणि दुसरीकडे काहीच न केलेल्यावर संशय घेतला. सेवा करणारा माणूस समोरच्याला आधी पापी ठरवतो आणि मग त्याचा उद्धार करायला निघतो, तेव्हा त्याच्या करुणेला कुंपण लागतंच. धर्मश्रद्धेच्या बळावर तुरुंगसुधारणेत उतरणाऱ्या प्रत्येक संस्थेने ही गोष्ट गाठीला बांधून ठेवायला हवी.

महाराष्ट्राच्या या परंपरेचा दुसरा धागा धुळ्याच्या तुरुंगातून निघतो. १९३२च्या फेब्रुवारी ते जूनमध्ये दर रविवारी विनोबांनी तिथे गीतेवर प्रवचनं दिली, अठरा अध्यायांची अठरा. साने गुरुजी कैदी म्हणून तिथेच होते. त्यांनी ती उतरवून घेतली. ‘गीता-प्रवचने’ हे पुस्तक असं तुरुंगात जन्मलं. अठ्ठावीस वर्षांनी, मे १९६०मध्ये, हेच विनोबा चंबळच्या खोऱ्यात पायी हिंडत होते. मानसिंग या दरोडेखोराचा मुलगा तहसीलदारसिंग नैनीच्या तुरुंगात फाशीची वाट पाहत होता. त्याने विनोबांना पत्र लिहिलं आणि मग मेजर जनरल यदुनाथसिंग यांच्या मध्यस्थीने वीसएक बागी, म्हणजे दरोडेखोर, आपापल्या बंदुका घेऊन विनोबांपुढे आले. त्यांत लुक्का म्हणजे लोकमन दीक्षित होता. विनोबांनी त्यांना सुटकेचं आश्वासन दिलं नाही. खटले चालतील, शिक्षा होईल, ती भोगायची. तहसीलदारसिंगाची फाशी पुढे जन्मठेपेत बदलली.

देश भारावला, पण मध्य प्रदेशचे पोलीसप्रमुख के. एफ. रुस्तमजी भारावले नाहीत. कामठीत जन्मलेले, सचोटीबद्दल नावाजलेले हे अधिकारी. दरोडेखोरांना हार घातले जातात आणि त्यांच्याशी लढताना मेलेल्या शिपायाच्या घराकडे कुणी फिरकत नाही, त्यांनी लुटलेल्या गावकऱ्यांचं कुणी विचारत नाही, असा त्यांच्या नाराजीचा रोख होता. विनोबांच्या भक्तांना हा आक्षेप कोता वाटला. तो कोता नव्हता. विनोबांचं कार्य त्याने लहान होत नाही, पण त्यातली उणीव त्याने दाखवून दिली. दुःख आहे ते असं की ही उणीव पुढच्या साठ वर्षांतही भरून निघाली नाही.

१४ एप्रिल १९७२ रोजी मुरैना जिल्ह्यातल्या जौरा इथे जयप्रकाश नारायण यांच्यापुढे मोहरसिंग आणि माधोसिंग यांनी शस्त्रं ठेवली. त्याआधी माधोसिंग ठेकेदाराच्या वेषात पाटण्याला जाऊन जयप्रकाशांना भेटून आला होता. त्या काळात चारशेच्या वर बागींनी शरणागती पत्करली. या वेळी एक पाऊल पुढे टाकलं गेलं: फाशी होणार नाही हे सरकारकडून आधी कबूल करून घेतलं आणि शिक्षा भोगण्यासाठी मुंगावलीत खुलं कारागृह उघडलं. संताच्या पायाशी बंदूक ठेवणं हा एका दिवसाचा प्रसंग. त्यानंतरची दहा-बारा वर्षं कुठे आणि कशी जायची याची व्यवस्था लागते. श्रद्धेने दार उघडतं खरं, पण ते उघडं ठेवायला नियम, जमीन, पैसा आणि धीराचे अधिकारी हवेत.

अशी व्यवस्था सर्वांत चिकाटीने राजस्थानने उभी केली. संपूर्णानंद हे संस्कृत आणि तत्त्वज्ञानाचे अभ्यासक उत्तर प्रदेशात मंत्री असताना १९५३ साली चंद्रप्रभा नदीवरच्या धरणाच्या कामावर कैद्यांचं खुलं शिबिर सुरू झालं. पुढे ते राजस्थानचे राज्यपाल झाले आणि १९६३ साली जयपूरजवळ सांगानेरला त्यांच्याच नावाचं खुलं बंदी शिबिर निघालं. तिथला कैदी सकाळी कामाला शहरात जातो, कमावतो, स्वतःचा संसार चालवतो आणि संध्याकाळी हजेरीला परत येतो. कुरबुरी मिटवायला कैद्यांचीच पंचायत. महाराष्ट्रातही स्वतंत्रपूरखेरीज येरवडा, पैठण, मोर्शी इथे खुली कारागृहं आहेत. पण राज्यातल्या एकूण बंद्यांत तिथे पोचणाऱ्यांचा वाटा फार लहान. देशात अनेक ठिकाणी तर स्त्रियांना खुल्या कारागृहाचं दारच नाही. ज्या राज्यात ही कल्पना एवढ्या लवकर रुजली, त्या राज्याने तिला एवढं खुजं राहू द्यावं, हे खटकणारं आहे.

बंद कारागृहात अध्यात्माचे कार्यक्रम मात्र भरपूर होतात. १९७५ साली राजस्थानचे गृहसचिव रामसिंग यांच्या पुढाकाराने जयपूरच्या कारागृहात विपश्यनेचं पहिलं शिबिर झालं. एप्रिल १९९४ मध्ये किरण बेदी तिहारच्या प्रमुख असताना सत्यनारायण गोयंकांनी तिथे हजारभर बंद्यांचं शिबिर घेतलं. गोयंकांचं मुख्य केंद्र आपल्या इगतपुरीला. दहा दिवस मौन पाळून स्वतःच्या श्वासाकडे पाहणाऱ्या बंद्याला कधी कधी आयुष्यात प्रथमच आपल्या कृत्याकडे पाहता येतं, आणि त्याचं मोल कमी लेखू नये. पण कोंदट बराकीत दुप्पट माणसं कोंबायची, मुलाखतीसाठी आलेल्या आईला तासन्‌तास उभं करायचं, आणि त्यावर उतारा म्हणून प्रवचन ठेवायचं, हे धर्माचं काम नव्हे. शिवाय तुरुंगातली प्रार्थना ऐच्छिकच असली पाहिजे. नमाज पढणारा, भजन म्हणणारा आणि कशालाच हात न जोडणारा, तिघांची माफीची पात्रता एकाच मापाने मोजली गेली पाहिजे. साहेबांच्या मर्जीसाठी मिटलेल्या डोळ्यांचा कुणालाच उपयोग नसतो.

आता पीडितांकडे यायला हवं, कारण दयेची किंमत तेच मोजतात.

२५ फेब्रुवारी १९९५. मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात आदिवासींमध्ये, सावकारी पाशाविरुद्ध काम करणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांना समंदरसिंग या तरुणाने बसमध्ये भोसकून ठार केलं. त्याला जन्मठेप झाली. राणी मारियांची धाकटी बहीण सेल्मी पॉल, याही जोगीण, २००२ साली राखीपौर्णिमेला तुरुंगात गेल्या आणि त्यांनी बहिणीच्या मारेकऱ्याला राखी बांधली. कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला. २००६ मध्ये तो सुटला आणि नंतर केरळात जाऊन राणी मारियांच्या आईवडिलांपुढे उभा राहिला. ख्रिस्ती जोगिणीने हिंदूंच्या सणाचा धागा हाती घेऊन केलेली ही क्षमा. धर्म माणसाला केवढी उंची देऊ शकतो याचा याहून ठसठशीत दाखला अलीकडच्या काळात सापडणं कठीण.

ग्लॅडिस स्टेन्स यांनी दुसरा मार्ग दाखवला. २२ जानेवारी १९९९च्या रात्री ओडिशातल्या मनोहरपूरला त्यांचे पती ग्रॅहम, जे बारीपद्याला कुष्ठरुग्णांची सेवा करत, आणि फिलिप व टिमोथी ही दोन मुलं जीपमध्ये जिवंत जाळली गेली. ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं सांगितलं. पण कायद्याचं काम कायद्याने करावं, आपल्या क्षमेची आणि त्यांच्या शिक्षेची गल्लत करू नये, अशी त्यांची भूमिका होती. मन हलकं करणं हा त्यांचा अधिकार, शिक्षा ठरवणं हा न्यायालयाचा. दोन्ही स्त्रियांची श्रद्धा एकच आणि निर्णय निरनिराळे. दोन्ही निर्णयांना सारखीच प्रतिष्ठा आहे, कारण ते ज्यांच्यावर घाव पडला त्यांनी घेतले.

आणि जिथे त्यांना विचारलंच जात नाही? १५ ऑगस्ट २०२२ रोजी, स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवी दिवशी, बिल्किस बानो प्रकरणातले अकरा जन्मठेपी गुजरात सरकारने सोडले. २००२च्या दंगलीत गर्भवती बिल्किसवर सामूहिक बलात्कार झाला होता, तिच्या तीन वर्षांच्या मुलीसह कुटुंबातली माणसं मारली गेली होती. निष्पक्ष सुनावणीसाठी खटला मुंबईत आणावा लागला आणि २००८ साली मुंबईच्या विशेष न्यायालयाने दोषींना जन्मठेप दिली. त्यांना सोडू नये असं त्या न्यायालयाचं मत पडलं होतं. बिल्किसला कुणी विचारलं नाही. तुरुंगाबाहेर हार आणि पेढे होते. शिफारस करणाऱ्या समितीतल्या एका आमदाराने दोषींच्या ब्राह्मण असण्याचा आणि त्यांच्या चांगल्या संस्कारांचा जाहीर दाखला दिला. दयेची भाषा वापरून मनूच्या न्यायाकडे परतण्याचा हा प्रकार होता, आणि तो संतापजनक होता. ८ जानेवारी २०२४ रोजी न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. उज्ज्वल भुयां यांनी ही सुटका रद्द केली. शिक्षा महाराष्ट्रात झाली असल्याने गुजरातला तो अधिकारच नव्हता, असं सांगून अकराही जणांना दोन आठवड्यांत तुरुंगात हजर व्हायला लावलं.

राष्ट्रपतींना घटनेच्या ७२व्या आणि राज्यपालांना १६१व्या अनुच्छेदाने दयेचा अधिकार दिला आहे. राजाची ती जुनी मर्जी प्रजासत्ताकात आली ती अटी घेऊनच. धर्म, जात, राजकीय निष्ठा पाहून दिलेली माफी टिकणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली एपुरू सुधाकर प्रकरणात स्पष्ट केलं. २०१४ साली शत्रुघ्न चौहान प्रकरणात, दयेच्या अर्जावर वर्षानुवर्षं निर्णय न घेणं ही स्वतंत्र यातना ठरवून पंधरा जणांची फाशी जन्मठेपेत बदलली. महाराष्ट्रात याची कडवट बाजू दिसली. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोघी बहिणींचा दयेचा अर्ज सुमारे आठ वर्षं रखडला, राष्ट्रपतींनी २०१४ मध्ये तो फेटाळला, आणि मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये विलंबापोटी फाशीची जन्मठेप केली. निकाल कायद्याला धरून होता. पण फाशी नको, असं विचारपूर्वक कुणी ठरवलं नव्हतं. फाइल हलली नाही म्हणून ती टळली. मेलेल्या मुलांच्या आयांना यात ना न्याय दिसला असेल ना दया. याउलट २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका तरुणपणी खून केलेल्या बंद्याची फाशी रद्द केली ती त्याचं अठरा वर्षांचं वागणं पाहून. त्याचं तुरुंगातलं शिक्षण आणि त्याने लिहिलेल्या कविता न्यायाधीशांनी वाचल्या होत्या. दयेला डोळे उघडे लागतात, आणि वेळ द्यावा लागतो.

तरीही एवढी सगळी चर्चा तुरुंगातल्या एका लहान कोपऱ्याविषयी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांनुसार २०२२च्या अखेरीस देशाच्या कारागृहांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यांतले ४,३४,३०२, म्हणजे दर चौघांत तीन, न्यायाधीन बंदी होते. ज्यांना लोक कच्चे कैदी म्हणतात ते. त्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नाही. त्यांना माफी मिळत नाही, संचित रजा (फर्लो) किंवा अभिवचन रजा (पॅरोल) मिळत नाही, स्वतंत्रपूर तर त्यांच्यासाठी नाहीच. त्यांना दया नको आहे, तारीख हवी आहे. त्यांतल्या कित्येकांना जामीन मंजूर होऊनही बाहेर पडता येत नाही, कारण जामीनदार नाही आणि भरायला पंधरा-वीस हजार रुपये नाहीत. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९व्या कलमाने, प्रथमच गुन्ह्यात अडकलेल्याला, काही गंभीर गुन्हे सोडून, कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतर सुटण्याचा हक्क दिला आहे. केंद्राने २०२३ साली आणलेल्या योजनेत गरीब न्यायाधीन बंद्याच्या जामिनासाठी ४० हजारांपर्यंत आणि सिद्धदोष बंद्याच्या दंडासाठी २५ हजारांपर्यंत मदत ठरवली होती. कागद तयार आहे. तो बराकीपर्यंत नेणारं माणूस नाही.

हे काम श्रद्धावानांनी अंगावर घ्यावं. महाराष्ट्रात देवस्थानांच्या दानपेट्या भरलेल्या आहेत, दर्ग्यांचे आणि चर्चचे विश्वस्त आहेत, विहारं आहेत, गुरुद्वारे आहेत, आषाढीला लाखोंच्या मुखी पांडुरंग आहे. कारागृहात वर्षातून एकदा फराळ आणि प्रवचन नेणाऱ्या या संस्थांनी आपल्या जिल्ह्यातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडून, जामीन मिळूनही आत अडकलेल्यांची यादी मागून घ्यावी आणि जामिनाची रक्कम भरावी. त्याच वेळी पीडितांच्या घरीही जावं, त्यांच्या मुलांच्या शिक्षणाला हात लावावा, तारखेला कोर्टात त्यांच्या शेजारी बसावं. आणि सरकारने प्रत्येक महसुली विभागात किमान एक नवी खुली वसाहत उघडावी, तीत स्त्रियांना पहिल्या दिवसापासून जागा ठेवावी. औंधसारख्या छोट्या संस्थानाला १९३९ साली जे परवडलं, ते आजच्या महाराष्ट्राला परवडत नाही असं कुणी म्हणू नये.